कॅमेरा कुणाच्या हातात होता

कंपवाचकानं माझं खोटं पकडलं तेव्हाच मी खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यावर दुसरं खोटं रचलं, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

मी राजमती मगदूम. वय पन्नास, राहणार पुणे, मूळ गाव जयसिंगपूर. फोटोग्राफी शिकवते, फोटोग्राफीवर भाषणं ठोकते आणि गेली चोवीस वर्षं एकाच फोटोच्या जिवावर मिरवते. हे शेवटचं मला कुणी चार महिन्यांपूर्वी तोंडावर सांगितलं असतं, तर मी त्याला दार दाखवलं असतं.

फोटो असा आहे. आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, स्टुडिओतलं गिऱ्हाइकाचं स्टूल. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं, दोन हंस आणि एक उगीचच उभा केलेला खांब. स्टुलावर एक बाई, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत काळ्या कापडात. ते कापड जुन्या पेटी-कॅमेऱ्याचं, फोटोग्राफर पूर्वी डोक्यावर ओढून घ्यायचे ते. म्हणजे फोटो काढणारीनं गिऱ्हाइकाच्या जागी बसायचं, पण आपलं तोंड मात्र दाखवायचं नाही, अशी माझी कल्पना. कापडाला कसर लागून त्याची चाळण झाली होती. आत तोंडाजवळ मी एक पेटलेला बल्ब धरला होता, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी उजेडाचे चाळीसएक ठिपके दिसतात. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, ते नुसते ठिपके नाहीत. प्रत्येक ठिकाणी एक बारीक वेडीवाकडी रेघ आहे आणि सगळीकडे तीच रेघ आहे.

फोटोचं नाव 'गिऱ्हाईक'. २०१० साली दिल्लीत त्याला मोठं बक्षीस मिळालं. एका समीक्षकानं त्या रेघांवर अकरा पानं लिहिली, की ही पुसल्या गेलेल्या स्त्रीची लिपी आहे. मला ते वाचून इतकं पटलं, की पुढे प्रत्येक भाषणात मी तेच सांगत आले. कॅमेरा स्टँडवर होता, टायमर लावलेला होता, स्टुडिओत मी एकटी होते, हेही सांगत आले. स्टँडवरच्या कॅमेऱ्यानं रेघा वाकड्या कशा येतील, हा साधा प्रश्न एकाही विद्वानाला पडला नाही.

तो प्रश्न पडला एका यंत्राला.

आता कुठलंही चित्र कुठलंही यंत्र बसल्याजागी बनवून देतं, हे सांगायला नको. हवा तो माणूस, हवा तो उजेड, हवी ती रडवेली बाई. त्यामुळे माणसानं खरोखर काढलेल्या फोटोला एकदम भाव आला. पण माणसानंच काढला हे ठरवायचं कसं? त्यावर पुण्याच्या एका नव्या छायाचित्र संग्रहालयानं कंपवाचक आणला.

त्यामागचं शास्त्र सोपं आहे. माणसाचा हात कधीच स्थिर नसतो. बोटं सेकंदाला आठ-दहा वेळा बारीक थरथरतात, श्वासाबरोबर छाती वरखाली होते. आणि हृदय दर ठोक्याला रक्त वर फेकतं तेव्हा सगळं अंग किंचित मागे ढकललं जातं, नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरकते तसं. ही हालचाल केसाएवढी असते. पण कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, काही सेकंद उघडी ठेवून अंधारात फोटो काढला, तर उजेडाचा प्रत्येक ठिपका त्या हालचालीची रेघ फिल्मवर ओढतो. शिवाय घरगुती विजेवरचा बल्ब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, फिल्मला दिसतं. त्यामुळे रेघेवर आपोआप सेकंदांच्या खुणा पडतात. कंपवाचक ती रेघ उलगडतो आणि सांगतो, हा फोटो हातातल्या कॅमेऱ्यानं काढलाय, धरणाऱ्यानं अमुक वेळा श्वास घेतलाय, नाडी इतकी होती. याला म्हणतात हाताचा दाखला. संग्रहालयाच्या आत्मचित्रांच्या, म्हणजे ज्याचे त्यानंच काढलेल्या स्वतःच्या फोटोंच्या, दालनात त्या दाखल्याशिवाय प्रवेश नाही.

'गिऱ्हाईक' त्या दालनाच्या मधल्या भिंतीवर लागणार होता. भाद्रपदातल्या एका गुरुवारी तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. जुईली केळुसकर यांचा फोन आला. तिशीतली, गोड बोलणारी मुलगी. तिला भारी आनंद झाला होता. म्हणाली, मॅडम, तुमच्या मूळ निगेटिव्हवर अशी सुंदर रेघ आहे, की आम्ही आजवर पाहिली नाही. चाळीस भोकं म्हणजे एकाच रेघेच्या चाळीस प्रती. कॅमेरा स्टँडवर नव्हताच, तो कुणाच्या तरी छातीशी टेकवलेला होता. शिवाय या जुन्या चौकोनी फिल्मच्या कॅमेऱ्यावर आठ सेकंदांना टायमर चालतच नाही, बटण दाबून धरावं लागतं. तुम्ही इतकी वर्षं टायमर का म्हणत होता?

खरं सांगायची संधी चालून आली होती. पण माझी जीभ माझ्याआधी धावते. मी म्हटलं, अगं, तेव्हा खरं सांगितलं असतं तर गूढ गेलं असतं. समोर आरसा होता. कॅमेरा माझ्याच गळ्यात, कापडाच्या आत, छातीशी. एका मोठ्या भोकातून फक्त भिंग बाहेर. काळ्या कापडात काळं भिंग कुणाला दिसतंय?

जुईली म्हणाली की हे तर आणखीनच अप्रतिम आहे. सोमवारी येऊन हाताचा नमुना देऊन जा, कॅमेरा मिनिटभर धरायचा, बस. मी फोन ठेवला आणि स्वतःवरच खूश झाले. मेली लाज म्हणून वाटली नाही.

शुक्रवारी सकाळी तिचा परत फोन. या वेळी आवाज वेगळा होता. तिनं ती रेघ एका हृदयतज्ज्ञाला दाखवली होती. आठ सेकंदांत अकरा ठोके. सहावा वेळेआधीच, मग पोकळी, मग तीन भराभर एकापाठोपाठ, मग पुन्हा सुरळीत. अशा लोकांच्या हृदयातल्या विजेच्या वाटेत जन्मापासून दोष असू शकतो. एरवी काही कळत नाही. अंगातले क्षार कमी झाले, उलट्या-जुलाब झाले, फार दिवस पोटात काही गेलं नाही, की तो डोकं वर काढतो आणि हृदय एकदम बंदही पडू शकतं. "मॅडम, सोमवारची वाट नका बघू," जुईली म्हणाली. "आज डॉक्टरकडे जा. प्लीज."

गेले. खोटं इतकं अंगात मुरलं होतं, की ती रेघ माझी नाही हे मला सुचलंच नाही. सगळ्या वायरी लावून घेतल्या, पट्ट्यावर पळाले. संध्याकाळी डॉक्टर हसून म्हणाले, तुमचं हृदय विशीतल्या पोरीचं आहे, आणखी पन्नास वर्षं भांडाल. दवाखान्याच्या पायरीवर माझी ट्यूब पेटली. रेघेतलं ते हृदय माझं नव्हतंच, आणि ते कुणाचं होतं हे जगात दोघींनाच माहीत होतं.

त्रिशला. माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्या दिवशी अण्णा स्टँड घेऊन निमशिरगावला साखरपुड्याचे फोटो काढायला गेले होते. मला धीर नव्हता, तो मला कधीच नव्हता. मी कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. वरून काचेत पाहायचा, दोन भिंगांचा जड कॅमेरा तो, छातीशी घट्ट धरायला सांगितला. मी आठ मोजेपर्यंत बटण सोडायचं नाही आणि श्वास घ्यायचा नाही, असा दम दिला. ती सतरा वर्षांची होती. आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा दहा उपवास धरले होते. नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसातून एकदा. तो नववा दिवस होता.

दिल्लीच्या समारंभात ती तिसऱ्या रांगेत अण्णांशेजारी बसली होती. मी माइकवर म्हटलं की मी एकटी होते. परत येताना रेल्वेत तिनं हळूच विचारलं, अक्का, माझं नाव राहिलं का गं? मी म्हटलं, तू काय केलंस? धरलास तेवढाच.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, मग तेही थांबलं. तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले. चारशे फोटो, आणि एकाही फोटोत नवरी कॅमेऱ्याकडे बघत नाही. लोक म्हणाले, किती लाजाळू पोरगी.

घरी येऊन तिचा नंबर शोधायला मी मोबाइल उघडला. घरच्या लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी कुरुंदवाडच्या बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, फळ्याचा फोटो टाकला होता. दरवर्षी असतो तसा, दहा उपवास धरलेल्यांच्या नावांचा, खाली हात जोडलेल्या इमोजींचा ढीग. पाचवं नाव सौ. त्रिशला अजित नेजे. आज सातवा दिवस होता.

तिनं मला केव्हाचंच ब्लॉक केलं होतं. म्हणून तिच्या नवऱ्याला, अजितरावांना लावला. भला माणूस. मी धापा टाकत सगळं सांगितलं, त्यांना निम्मं कळलं. त्या पहिल्या वेळेनंतर त्रिशलानं दहा उपवास कधी धरले नव्हते, यंदा अण्णा गेले म्हणून त्यांच्या नावानं धरलेत, असं ते म्हणाले. चक्कर येते का? थोडी येते, पण उपवासात सगळ्यांनाच येते. ते फोन घेऊन तिच्याकडे गेले. मला तिचा आवाज लांबून ऐकू आला, चोवीस वर्षांपूर्वीसारखाच हळू.

"तिला सांगा, तिच्यावर माझा विश्वास नाही आणि तिच्या मशीनवरही नाही."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी अजितरावांनी गावातले डॉक्टर घरी आणले, तिनं त्यांना नमस्कार करून दारातूनच परत पाठवलं. त्यांनी मला बाराच्या सुमारास तसं कळवलं आणि मी गाडी बाहेर काढली. जुईलीनं पाठवलेली रेघ कागदावर छापून शेजारच्या सीटवर ठेवली होती. हायवेवर सातारा गेलं, कराड गेलं, मी एकदाही थांबले नाही. गाडी स्वतःची स्वतः चालत होती आणि मी तिला शिव्या घालत होते, कारण ती वेगमर्यादा पाळत होती. डोक्यात एकच हिशेब होता. दिवस मावळला की त्रिशला पाण्याचा थेंबही घेणार नाही. मावळती साडेसहाला. त्याआधी तिच्या पोटात मीठ-साखरेचं पाणी गेलं पाहिजे, नाहीतर सकाळपर्यंत बारा तास आणि त्या तिच्या हृदयाचा भरवसा काय?

कुरुंदवाडला पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. त्रिशला आतल्या खोलीत चटईवर भिंतीला टेकून बसली होती. पांढरी साडी, ओठ सुकलेले, हातात जपमाळ. बाजूला तिच्या सासूबाई. मी दारातच सुरू झाले. कंपवाचक, अकरा ठोके, क्षार, हृदयतज्ज्ञ. कागद तिच्यापुढे धरला. ती त्या रेघेकडे बघत राहिली, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग म्हणाली की उपवास काही कुणाला दाखवायला धरलेले नाहीत, आणि तुझ्या फोटोसाठी मी एकदा श्वास रोखलाय तेवढा पुरे.

मी चिडले. अशा वेळीही मला चिडता येतं, काय करणार. म्हटलं, मरायचंय का तुला?

"अक्का, खाली बस," ती म्हणाली. "मला एकच सांग. त्या दिवशी मी पडले. आवाज आला म्हणून तू कापड काढलंस. तू आधी काय उचललंस?"

खोलीत सासूबाई होत्या, दारात अजितराव होते. मी इतकी वर्षं सांगत असलेल्या गोष्टीत कुणी पडलेलंच नव्हतं. आत्ताही चटकन एखादं बरं उत्तर जिभेवर आलं होतं, तुलाच गं, आणखी काय. ती शुद्धीवर नव्हती, तिला काय माहीत? बाहेर ऊन तिरपं व्हायला लागलं होतं. मला एकदम स्वतःची किळस आली.

"कॅमेरा," मी म्हटलं.

"मग?"

"मग तो तुझ्या गळ्यातून काढून भिंग पाहिलं. तडा गेलाय का ते. मग रीळ गुंडाळून घेतलं, उजेड लागू नये म्हणून. मग तुझ्याकडे आले. आणि टायमर नव्हता. मी एकटी नव्हते. फोटो तू काढलास, त्रिशू. मी फक्त बसले होते."

तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मी शुद्धीवर होते. हलता येत नव्हतं, पण दिसत होतं सगळं. तू कधी सांगतेस, याची वाट बघत होते."

मी तिथेच हुंदके देत रडायला लागले, पन्नास वर्षांची घोडी. त्रिशलानं जपमाळ डोळ्यांना लावून डबीत ठेवली आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या माउलीनं काही भाषण दिलं नाही. शरीर राहिलं तर पुढच्या भाद्रपदात बघू, एवढंच म्हणाल्या आणि उठून मीठ-साखरेचं पाणी करून आणलं. पावणेसहाला त्रिशलानं भांडं तोंडाला लावलं. मी घोट मोजत होते. सहा वाजता आम्ही तिला गाडीत घालून मिरजेच्या वाटेला लागलो.

मिरजेच्या हॉस्पिटलात तिच्या छातीला वायरी लावल्या आणि पडद्यावर हिरवी रेघ पळायला लागली. नीट, नीट, नीट, मग एक वेळेआधी, मग पोकळी, मग तीन भराभर. तिथला तरुण डॉक्टर एकदम ताठ झाला आणि नर्सला हाका मारायला लागला. मला ती रेघ पाठ होती. चोवीस वर्षं मी तिला पुसल्या गेलेल्या स्त्रीची लिपी म्हणत आले होते. पुढची तीन मिनिटं काय धावपळ झाली ती मला सांगता येत नाही, कारण मला बाहेर काढलं होतं. आणखी तासभर उशीर झाला असता तर घरीच संपलं असतं, असं डॉक्टरांनी नंतर अजितरावांना सांगितलं. आठवड्यानं तिच्या कातडीखाली काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं. हृदय अडखळलं की ते त्याला धक्का देतं.

सोमवारी मी पुण्याला हाताचा नमुना द्यायला गेले नाही. जुईलीला मिरजेहूनच फोन केला आणि सगळं सांगितलं, आरशाचंसुद्धा. ती बिचारी पहिल्यांदा हबकली, मग बाई वाचल्या ना, एवढंच विचारलं. संग्रहालयाचे लोक मात्र गडबडले. त्यांचं पत्र आलं, सभ्य भाषेतलं. फोटो मी काढलेला नसल्यामुळे तो आत्मचित्रांच्या दालनात ठेवता येणार नाही, सर्वसाधारण दालनात जागा बघू. वर्तमानपत्रात पण आलं, माझ्या दोन विद्यार्थ्यांनी शिकवणी सोडली, आणि त्या अकरा पानांवाल्या समीक्षकानं माझा नंबर काढून टाकला असं ऐकलं. सोसलं. सोसायलाच हवं होतं.

पण दालन बदलायला मी नाही म्हटलं. पुण्याला जाऊन त्यांच्या बैठकीत भांडले. म्हटलं, तुमच्याच यंत्राला विचारा ना! त्या फोटोत माझं काय आहे? एक कापड आणि खाली दोन गुडघे. आणि त्रिशलाचं काय आहे? तिचा रोखलेला श्वास, नऊ दिवसांची भूक, तिची बोटं, तिच्या हृदयाची जन्मखोड, आठ सेकंद जशीच्या तशी, चाळीस वेळा लिहिलेली. याहून खरं आत्मचित्र तुमच्या दालनात दुसरं असेल तर दाखवा. फोटो आहे तिथेच राहू द्या, फक्त पाटी बदला. त्यांनी तासभर खल केला. शेवटी जुईली उठून म्हणाली की हाताचा दाखला सौ. नेजे यांच्या नावानं द्यायला तिची काहीच हरकत नाही.

मार्गशीर्षात त्रिशला आणि अजितराव पुण्याला आले. चालताना ती छातीवरच्या त्या यंत्रावर मधूनमधून हात ठेवत होती. मी दोन पावलं मागे राहिले. अजून आम्ही पूर्वीसारख्या बोलत नव्हतो. बोलायला लागलो होतो एवढंच. दालनाच्या मधल्या भिंतीवर तो फोटो आता माणसाएवढा मोठा करून लावला होता. खाली पाटी होती: 'आत्मचित्र. त्रिशला नेजे, वय सतरा.' माझं नाव कुठेच नव्हतं. ते मीच घालू दिलं नव्हतं.

ती पुष्कळ वेळ उभी राहिली. अगदी जवळ गेली, एका रेघेवरून हवेतच बोट फिरवलं, अडखळलेल्या ठिकाणी थांबवलं आणि पुढे नेलं. मग दोन पावलं मागे आली, मान तिरकी करून संबंध फोटो पाहिला आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"फोटो बरा आलाय माझा," ती म्हणाली. "पण अक्का, तू मध्ये कशाला बसलीस?"